काकांच्या कॅसेटचं काय करावं? प्रेक्षकांतून टेप केलेल्या रॉक कार्यक्रमाविषयी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हाला तपासता येईल. एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल हा इंग्लंडचा रॉक बँड मुंबईत आला, तेव्हा तुमच्या काकांनी अंधेरीच्या क्रीडा संकुलात गर्दीत उभं राहून रेकॉर्डिंगच्या वॉकमनवर तो कार्यक्रम टेप केला. वॉकमनला टी आकाराचा छोटा स्टिरिओ माइक होता. नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेट भरल्या आणि त्या तीस वर्षं कपाटात पडून होत्या. आता पिंक फ्लॉइड या बँडचं १९७५ मधलं एका प्रेक्षकाने केलेलं रेकॉर्डिंग अधिकृतपणे निघालेलं तुम्ही ऐकलंत आणि वाटलं की आपल्या कॅसेटचंही असंच सोनं व्हायला हवं. म्हणून विचारताय की कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, आणि मध्येमध्ये काका मित्राशी बोलतात तेवढं काढता येईल का.

मी पुण्यात गेली चोवीस वर्षं जुन्या टेपा डिजिटलमध्ये उतरवून देतो. बहुतेक काम मैफली, कीर्तनं, नाट्यपदं आणि घरगुती समारंभांचं असतं. रॉकच्या कॅसेट वर्षाकाठी चार-पाच येतात. पण प्रेक्षकांत बसून केलेलं रेकॉर्डिंग सवाई गंधर्वच्या मांडवातलं असो की अंधेरीच्या मैदानातलं, त्याचे आजार तेच आणि उपायही तेच. त्यामुळे ठामपणे सांगतो की सॉफ्टवेअरचा प्रश्न तुमच्या यादीत सगळ्यात शेवटी यायला हवा. त्या फितीवर त्या रात्री नेमकं काय उतरलं, आणि त्यातलं सगळंच्या सगळं आज फितीवरून काढून घेता येईल का, हे आधी पाहायचं. पिंक फ्लॉइडची टेप एवढी चांगली का वाजते याचं उत्तरही याच दोन गोष्टींत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ते रेकॉर्डिंग २६ एप्रिल १९७५ चं, लॉस एंजेलिसच्या स्पोर्ट्स अरीनामधलं. बँडचे तिथे पाच दिवस सलग कार्यक्रम होते, त्यातला हा चौथा. प्रेक्षकांत माइक मिलर्ड नावाचा तरुण होता. त्याच्याकडे नाकामिची ५५० हा बॅटरीवर चालणारा कॅसेट डेक आणि एकेजी कंपनीचे ४५१ जातीचे दोन कंडेन्सर माइक होते. इथे जरा थांबा, कारण सगळी मेख इथे आहे. हे माइक स्टुडिओत वाद्यांसमोर लावतात त्या दर्जाचे, आणि हा डेक त्या काळातल्या उत्तमातल्या उत्तम वाहून नेता येणाऱ्या डेकांपैकी एक. हे चांगलंच जड धूड लपवून आत न्यायचं म्हणजे खायचं काम नव्हतं. व्हीलचेअरवर बसून, डेक खुर्चीखाली दडवून तो कार्यक्रमांना जायचा असं त्याच्याबद्दल सांगतात. त्या काळी पकडले गेलात तर खैर नसे. १९७१ मध्ये व्हँकुव्हरला लेड झेपेलिनचा मॅनेजर पीटर ग्रांट आणि त्याच्या माणसांनी चोरटं रेकॉर्डिंग चाललंय असं समजून प्रेक्षकांतल्या एकाचं यंत्र फोडलं होतं. तो बिचारा आवाजाची पातळी मोजायला आलेला माणूस निघाला.

मिलर्डच्या टेपवर जे सापडतं ते फार मोलाचं आहे. 'विश यू वेअर हिअर' हा अल्बम १२ सप्टेंबर १९७५ ला आला, म्हणजे या कार्यक्रमाच्या वेळी तो अजून ॲबी रोड स्टुडिओत घडत होता. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' इथे दोन भागांत वाजतं आणि मध्ये 'हॅव अ सिगार' येतं. रेकॉर्डवर ते गाणं रॉय हार्पर या बाहेरच्या गायकाच्या आवाजात आहे; इथे बँडमधले वॉटर्स आणि गिल्मर स्वतः गातात. सुरुवातीची दोन गाणी तर वेगळ्याच नावांची आणि अर्धवट शब्दांची. ती पुढे १९७७ च्या 'ॲनिमल्स'मध्ये 'शीप' आणि 'डॉग्ज' म्हणून आली. नंतर 'डार्क साइड ऑफ द मून' पूर्ण आणि शेवटी 'एकोज'. पन्नास वर्षं ही टेप संग्राहकांमध्ये हातोहात फिरली. १२ डिसेंबर २०२५ ला अल्बमच्या पन्नाशीनिमित्त जो संच आला, त्यात जुने अल्बम नव्याने मिसळण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या स्टीव्हन विल्सनने दुरुस्त केलेल्या रूपात बँडने ती स्वतः समाविष्ट केली.

आता तुमच्या मनात येईल की विल्सनसारखा माणूस आणि आजची साधनं, म्हणून ती टेप अशी वाजते. विल्सनच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मी ही टेप दुरुस्तीच्या आधीपासून ऐकत आलोय, आणि ती तेव्हाही ऐकण्याजोगी होती. बँडचा ड्रमर निक मेसन याच्या झांजेचा शेवटचा विरत जाणारा नाद आधीच फितीवर होता. जो नाद फितीवर नसतो तो कुणाचा बापही आणू शकत नाही. दुरुस्ती म्हणजे जुन्या वाड्याच्या भिंतीवरचा चुना खरवडून खालचं चित्र दिसू देणं. चित्रच नसेल तर खरवडून फक्त माती निघते.

हे वेगवेगळ्या टेपांवरून तपासून पाहता येतं. बीटल्सचं डिसेंबर १९६२ चं हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमधलं रेकॉर्डिंग १९७७ मध्ये अल्बम म्हणून निघालं. ते ग्रुंडिगच्या घरगुती स्पूल रेकॉर्डरवर, एकाच माइकने झालेलं. त्यानंतर कितीतरी वेळा ते निघालं, दरवेळी कुणी ना कुणी साफ केलेलं, पण गायकांचे आवाज आजही गादीखालून आल्यासारखे येतात. याउलट रोलिंग स्टोन्सचा ९ नोव्हेंबर १९६९ चा ओकलंडचा कार्यक्रम. तो टेप करणाऱ्याने लांबचा आवाज नेमका पकडणारा सेनहायझरचा लांब नळीचा माइक आणि उहरचा छोटा स्पूल रेकॉर्डर नेला होता. त्यावरून निघालेली चोरटी रेकॉर्ड इतकी खपली आणि गाजली की बँडचा स्वतःचा लाइव्ह अल्बम १९७० च्या सप्टेंबरात आला तो तिला शह म्हणून, असंच तेव्हापासून म्हटलं जातं. दोन्हीकडे सात वर्षांचं अंतर, दोन्ही बँड इंग्लंडचे, दोन्ही टेपा प्रेक्षकांच्या बाजूने केलेल्या. फरक पडला तो माइकमुळे आणि तो कुठे होता यामुळे.

'कुठे होता' हे थोडं खोलात सांगतो. बंद सभागृहात तुमच्यापर्यंत दोन आवाज येतात: एक स्पीकरमधून सरळ, दुसरा भिंती आणि छताला आपटून. पुढे बसलात तर सरळ आवाज जोरात आणि घुमारा कमी. मागे गेलात की घुमारा वरचढ होतो आणि शब्द विरघळायला लागतात. माणसाचे दोन कान आणि मेंदू मिळून घुमाऱ्यातून गाणं वेगळं काढतात, माइकला ते जमत नाही. म्हणून कार्यक्रमाला छान ऐकू आलेलं असतं आणि घरी टेप लावली की विहिरीतून आल्यासारखं वाटतं. हा अनुभव मैफल टेप करणाऱ्या प्रत्येकाने घेतलाय.

इथे तुमचं नशीब चांगलं आहे. अंधेरीचं संकुल उघड्यावरचं आहे, छत नाही, त्यामुळे घुमारा फारसा नसणार. पण उघड्यावर वारा असतो. वाऱ्याची झुळूक आली की लांबून येणारा तीव्र आवाज क्षणभर हलतो, झांजा जवळ आल्यासारख्या वाटतात आणि पुन्हा दूर जातात. तुमच्या टेपवर असं हेलकावे खाणं ऐकू येत असेल तर तो टेपचा दोष समजून घाबरू नका.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तुम्ही लिहिलंय की 'शेवटी साउंडबोर्डची सर प्रेक्षकांतल्या टेपला येणार नाही'. नेहमीच तसं नसतं. साउंडबोर्डची टेप म्हणजे मिक्सरमधून थेट घेतलेला आवाज. मिक्सरवरचा माणूस समोरच्या सभागृहासाठी मिसळत असतो, टेपसाठी नाही. जागा छोटी असेल तर गिटारचा ॲम्प्लिफायर स्टेजवरूनच कान फोडत असतो, म्हणून मिक्सरमधून गिटार फारशी पाठवतच नाहीत. मग साउंडबोर्डच्या टेपवर गायक तुमच्या कानाशी आणि गिटार पलीकडच्या खोलीत. टाळ्या तर जवळपास नाहीतच. शिवाय १९७५ मध्ये पिंक फ्लॉइड चार दिशांना स्पीकर लावून वाजवत. घड्याळांचे टोल, पावलं हे सगळं लोकांच्या भोवती फिरत असे. ते भोवती फिरणं ज्या हवेत घडलं, त्या हवेत मिलर्डचे माइक होते.

आता तुमच्या कॅसेटकडे वळू. तिचं काय होईल हे चार गोष्टींवर ठरेल आणि त्यातल्या तीन मला इथून दिसत नाहीत. काका स्टेजपासून किती लांब होते; माइक हातात उंच धरला होता की शर्टाच्या खिशात; आणि वॉकमनवर आवाजाची पातळी हाताने ठरवायची सोय होती की यंत्र ती आपोआप ठरवत होतं. या तिसऱ्या गोष्टीने सगळ्यात जास्त नुकसान होतं. आपोआप पातळी ठरवणारं यंत्र ड्रमचा ठोका पडला की सगळा आवाज दाबतं आणि ठोका गेला की हळूहळू वर उचलतं. डीप पर्पलच्या इयन पेससारखा ड्रमर असेल तर दोन तास आवाज धाप लागल्यासारखा वरखाली होत राहतो. थोडंफार सावरता येतं, पूर्ण कधीच नाही. चौथी गोष्ट मात्र खरंच तुमच्या बाजूने आहे: तुमच्याकडे मूळ कॅसेट आहे, प्रतीची प्रत नाही. कॅसेटवरून कॅसेट केली की दरवेळी फितीची सळसळ वाढते, वरचे सूर झिजतात आणि वेग डगमगतो. नव्वदच्या दशकात ज्यांनी मित्राच्या कॅसेटवरून मित्राची कॅसेट करून घेतलीय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा या कॅसेट घरातल्या जुन्या टू-इन-वनमध्ये घालून 'एकदा ऐकून बघू' असं कृपया करू नका. आधी वरच्या कडेच्या दोन्ही खिट्ट्या मोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर खिट्टी मोडलेली कॅसेट पुसली जात नाही. माझ्याकडे आलेल्या एका टेपमध्ये यमनच्या विलंबित ख्यालाच्या मधोमध अकरा सेकंद फ्रीजचा आवाज आणि कुणीतरी 'चालू झालं का गं?' विचारतंय, आदल्या दिवशी घरच्यांनी ती लावून पाहिली होती. ती अकरा सेकंदं गेली ती गेलीच.

मग खिडकीतून फितीची गुंडाळी उजेडात तिरकी धरून पाहा. कडेवर पांढरी पूड किंवा जाळीसारखे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. मुंबईच्या दमट हवेत तीस वर्षांत ती न धरणं हेच आश्चर्य. बुरशी असेल तर कॅसेट वाजवायची नाही, वेगळ्या पिशवीत ठेवायची आणि हे काम करणाऱ्याकडे न्यायची. नाहीतर ती डेकच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. बुरशी नसेल तर फितीमागचा नमद्याचा छोटा तुकडा जागेवर आहे का पाहा. त्याचा डिंक वाळतो, तुकडा गळून पडतो, मग फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज बोदा येतो. पुष्कळ लोक अशी टेप 'गेली' म्हणून टाकून देतात. खरं तर फीत दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवली की पंधरा मिनिटांत ती जिवंत होते.

यानंतर येतो हेडचा स्क्रू. आपल्या पिढीतल्या प्रत्येकाने लहानपणी तो स्क्रूड्रायव्हरने फिरवलेला आहे आणि आवाज उघडला की आनंद झालेला आहे. तो आनंद खरा होता. कॅसेटची फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद, आणि स्टिरिओतला एकेक माग त्यातलं जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. रेकॉर्ड करणाऱ्या वॉकमनचं हेड केसभर कललेलं असेल आणि वाजवणाऱ्या डेकचं सरळ असेल, तर वरचे सूर तिथल्या तिथे मरतात. म्हणून डेक कितीही महागाचा असला तरी त्याचं हेड त्या एका कॅसेटपुरतं त्या वॉकमनसारखं कलतं करावं लागतं. मी हे करतो ते असं: डावा-उजवा एकत्र करून मोनोत ऐकायचं, गाणं नाही तर टाळ्या. टाळ्यांमध्ये सगळे तीव्र सूर एकदम असतात. स्क्रू नखभर डावीकडे नेला की टाळ्या ताडपत्रीवरच्या पावसासारख्या जाड होतात. परत उजवीकडे आणताना एक बिंदू असा येतो की तळहातावर तळहात आपटलेला वेगळा ऐकू येतो. तिथे थांबायचं. दुसऱ्या बाजूला पुन्हा तपासायचं, कारण कॅसेट उलटली की कोन बदलतो. या एका कामाने जेवढा फरक पडतो तेवढा मी कुठल्याही सॉफ्टवेअरने पडलेला पाहिलेला नाही. आणि हे नंतर करता येत नाही. चुकीच्या कोनातून उतरवलेल्या फाइलमध्ये ते सूर नसतातच.

वेगाचं प्रकरण यापेक्षा गमतीचं आहे आणि तुमच्या टेपवर ते असण्याची शक्यता बरीच आहे. वॉकमन दोन छोट्या सेलवर चालतो. रेकॉर्डिंगला सेल जास्त खर्च होतात, ते उतरत गेले की मोटर मंदावू शकते. मंद चाललेल्या फितीवर जे उतरतं ते घरी नेहमीच्या वेगाने वाजवलं की जलद आणि वरच्या पट्टीत वाजतं. म्हणजे पहिल्या कॅसेटवर बँडचा गायक गिलन गिलनसारखा गातो आणि दुसरीच्या अखेरीस त्याच्या आवाजाला कुणीतरी चिमटा काढल्यासारखं होतं. तीन टक्के वेग चढला तर साधारण पाव स्वर, म्हणजे पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीच्या निम्म्या वाटेवर.

दुरुस्त करायला मोजपट्टी लागते. एक सोपी मोजपट्टी गाणंच देतं. 'स्मोक ऑन द वॉटर' जी मायनरमध्ये आहे, जी म्हणजे आपली पांढरी पाच. पेटी किंवा ट्यूनर घेऊन बसा, किती सरकलंय ते कळेल. काही जण टेपवरच्या विजेच्या घरघरीवरून वेग काढतात: आपली वीज ५० हर्ट्झची, घरघर ५१ वर सापडली तर टेप दोन टक्के जलद. युरोपातल्या टेपांना हा उपाय चांगला लागू पडतो, पण नव्वदच्या दशकातल्या आपल्या विजेला नाही. तेव्हा आपल्या ग्रिडची वारंवारता दिवसभरात बरीच खालीवर होत असे, आणि अशा कार्यक्रमाला जनरेटर असला तर त्याची तऱ्हा आणखी निराळी. बँडमधल्या जॉन लॉर्डचं हॅमंड ऑर्गनही आयतं माप वाटतं. पण जुन्या हॅमंडमधली स्वरचक्रं विजेच्या वारंवारतेवर फिरणाऱ्या मोटरवर चालतात, म्हणून वीज हलली की त्याचा सूरही हलू शकतो. म्हणून यातल्या कुठल्याही एका मापावर विसंबू नका.

तुमच्याकडे यापेक्षा भक्कम आधार आहे. डीप पर्पलच्या ८ एप्रिल १९९५ च्या याच मुंबईच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण 'बॉम्बे कॉलिंग' नावाने २०२२ मध्ये अधिकृतपणे निघालंय. ते विकत घ्या. प्रत्येक गाणं काकांच्या टेपशी लावून पाहा, एका गाण्याची लांबी भागिले दुसऱ्याची, म्हणजे त्या गाण्यापुरती वेगातली चूक हाती येईल. गाण्यागणिक आकडे लिहून काढा. काकांचे सेल कुठल्या गाण्यापासून उतरायला लागले ते त्या कागदावर दिसेल. एकच आकडा सगळ्या टेपला लावू नका, चूक वाढत गेलेली असते.

उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. सगळ्यात मोठ्या टाळ्या किंवा ठोका शून्याच्या सहाएक डेसिबल खाली राहील असं ठेवा. वॉकमनवर डॉल्बी (फितीची सळसळ कमी करणारी सोय) लावून रेकॉर्ड केलं होतं याची खात्री नसेल तर डेकवरची डॉल्बी बंद. ही पहिली फाइल तशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवायची आणि तिला परत हात लावायचा नाही. सगळे प्रयोग तिच्या प्रतीवर.

इथवर आलात की मगच सॉफ्टवेअर, आणि तेव्हा कुठलंही बऱ्यापैकी चालेल. सळसळ काढणारी सोय असते ती अगदी थोडी वापरा. फितीची सळसळ आणि झांजांचा शेवट एकाच पट्टीत राहतात. एकीला हाकललं की दुसराही जातो आणि मागे पाण्यात बुडबुडे आल्यासारखा आवाज उरतो. हल्ली गायक, ड्रम, गिटार वेगळे काढून देणारी यंत्रणा आलीय. २०२३ मध्ये बीटल्सच्या 'नाऊ अँड देन'साठी लेननचा आवाज सत्तरच्या दशकातल्या घरगुती कॅसेटवरून असाच वेगळा केला. पण त्या कॅसेटवर एक माणूस आणि एक पियानो होता. तुमच्या टेपवर पाच वादक, मैदानभर स्पीकर आणि हजारो माणसं आहेत. वेगळं करून पाहा जरूर, बास जरा उचलायला किंवा गिलनचे शब्द स्पष्ट करायला उपयोग होईल. मात्र हे वेगळे केलेले तुकडे मूळ आवाजात मिसळून वापरा, त्याच्या जागी नको. तुकडे एकटे ऐकले की भुतासारखे वाटतात.

आता काकांचं बोलणं. काढता येईल का? बऱ्याच अंशी येईल. ते माइकच्या अगदी जवळ असल्याने ठळक आहे आणि यंत्राला सापडेल. पण काढू नका असं मी आग्रहाने म्हणेन.

बऱ्याच वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एक काकू एका घरगुती मैफलीची स्पूल घेऊन आल्या होत्या. मी तेव्हा नवा होतो, हातात नवं सॉफ्टवेअर होतं. खोकले, चहाच्या कपबशा, मध्येमध्ये येणारी दाद, सगळं निपटून गाणं स्वच्छ करून दिलं. काकूंनी माझ्यासमोर हेडफोन लावून पूर्ण ऐकलं आणि विचारलं, 'यातला ह्यांचा वा कुठे गेला?' त्यांचे यजमान तेव्हा जाऊन चार वर्षं झाली होती, आणि त्यांचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नव्हता. मूळ उतरवलेली फाइल मी ठेवली होती म्हणून तो 'वा' परत देता आला. पहिल्या फाइलला हात लावू नका असं मी वर एवढं बजावून सांगतो ते त्या दिवसापासून.

तुमच्या बाबतीत तर हे आणखी खरं आहे. बँडच्या बाजूने पाहिलेला तो कार्यक्रम बाजारात मिळतो, कॅमेऱ्यासकट. मैदानातून तो कसा ऐकू आला हे मात्र कुठे विकत मिळत नाही. गिटारवादक स्टीव्ह मोर्सला तेव्हा बँडमध्ये येऊन काही महिनेच झाले होते. जुन्या गिटारवादक ब्लॅकमोरच्या जागी हा कोण, असं लोकांना वाटत असणार. 'चाइल्ड इन टाइम' सुरू झालं तेव्हा आसपास काय झालं, 'पर्पेंडिक्युलर वॉल्ट्झ' हे तोवर कुठल्याच अल्बममध्ये नसलेलं गाणं ऐकताना लोक गप्प झाले की गप्पा मारायला लागले, हे सगळं काकांच्या टेपवर असेल. काका मित्राला काय म्हणाले तेही त्याच रात्रीचं आहे. एखादं वाक्य नेमकं सोलोवर येऊन ऐकणं अशक्य करत असेल तर तेवढंच तीन-चार डेसिबल खाली घ्या, पुसू नका.

हक्कांचं थोडक्यात: कॅसेट काकांची असली तरी त्यावरचं वादन बँडचं आहे. घरी जपायला, ऐकायला कुणी अडवणार नाही, पण विकायचं किंवा सगळ्यांसाठी नेटवर टाकायचं असेल तर आधी जाणकार वकिलाला विचारा. मिलर्डच्या टेपचा अल्बम झाला तो बँडने स्वतः काढला म्हणून.

खर्च आणि वेळ दोन्ही त्या कॅसेटच्या अवस्थेवर आहे, न पाहता आकडा सांगणं बरोबर नाही. तुमच्याकडे हेडचा स्क्रू हाताशी येईल असा चांगला डेक असेल तर सगळं घरीही जमेल. नसेल तर निदान उतरवण्याचं काम या कामातल्या माणसाकडून करून घ्या आणि बाकीचं स्वतः करा.

आणि एक काम आज रात्रीच करा, त्याला डेक लागत नाही. काकांना फोन करा आणि विचारा की स्टेजच्या कुठल्या बाजूला उभे होतात, किती मागे, माइक कुठे धरला होता, कॅसेट उलटायला कुठल्या गाण्यानंतर वेळ मिळाला, सोबत कोण होतं. सांगतील ते कागदावर लिहून कॅसेटच्या डबीत घडी करून ठेवा. खिट्ट्या मोडल्यात ना, तेवढं कळवा.